आमच्या क्लबात अमेरिकन पॉइंट गार्ड आला त्या सीझनबद्दल

मी मूळचा नागपूरचा, सध्या जर्मनीत एका बास्केटबॉल क्लबच्या ऑफिसात काम करतो. क्लब सेकंड डिव्हिजनचा आहे, लीगचं नाव प्रो ए, म्हणजे बास्केटबॉलच्या बुंडेसलीगाच्या, इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, एक पायरी खाली. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंचं सगळं माझ्याकडे असतं, कॉन्ट्रॅक्टचे कागद, परवाना, घर, गाडी, डॉक्टर, बँक, सगळं. इथे मी २०२४-२५ च्या सीझनबद्दल लिहितोय, ज्या वर्षी आम्ही एक अमेरिकन पॉइंट गार्ड आणला, म्हणजे बॉल पुढे नेणारा, टीमचा खेळ चालवणारा खेळाडू. त्याचं नाव, आमच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या पगाराच्या भानगडी येणार आहेत यात, आणि त्या त्याच्या खाजगी आहेत. त्याला विचारूनच लिहितोय हे पण सांगून ठेवतो.

लिहायचं कारण असं की नागपुरातली माझ्यासोबत खेळलेली पोरं अजूनही फोनवर हेच विचारतात, अमेरिकन प्लेअर तिकडे कशाला येतात, एनबीएत जमलं नाही म्हणूनच ना? बाबांनी पण एकदा विचारलं. मला हा प्रश्न खरंच लागतो. एनबीए ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग, तिच्यात ३० टीम, प्रत्येकीत १५ पक्क्या जागा, म्हणजे ४५०, आणि २०२३ पासून टीममागे तीन टू-वे कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एनबीए आणि तिच्या खालची लीग दोन्हीकडे खेळायचे, धरले तर अजून ९०. त्यात जगभरातले खेळाडू. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन पोरं निवडतात त्यात, दोन राउंड मिळून फार तर ६० नावं. आणि खालून येणारी पोरं किती, तर एनसीएएच्या, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, डिव्हिजन वनमध्येच साडेतीनशेच्या वर कॉलेजं, प्रत्येकात डझनभर खेळाडू, दरवर्षी त्यातले हजारावर पोरं कॉलेज संपवून बाहेर पडतात. एनबीएच्या खालची जी लीग आहे तिथे पूर्ण सीझनचे ४० हजार डॉलरच्या आसपास मिळतात, अमेरिकेत तेवढ्यात बायकोपोरासोबत कसं भागणार. मग उरतं काय, तर जग. आणि हे आजचं नाही. बिल ब्रॅडली, जो पुढे न्यू जर्सीचा सिनेटर झाला, तो ऑक्सफर्डला शिकत असताना मिलानकडून खेळायला जायचा आणि १९६६ मध्ये त्या टीमनं युरोपियन कप जिंकला. म्हणजे साठ वर्षं हा रस्ता चालू आहे.

आमच्यासारख्या क्लबचा बाजार जुलैत भरतो. त्याआधी एजंट किंमत खाली आणत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटत असतं की लास वेगासच्या समर लीगमध्ये, जिथे एनबीए टीम नवीन पोरं खेळवून बघतात, आपल्या पोराला कोणी उचलेल. समर लीग संपली की मग फोन सुरू. रोज ईमेलमध्ये नावांच्या याद्या येतात, सोबत व्हिडिओ. कोच हायलाइट बघतच नाही, तो सिनर्जी नावाच्या व्हिडिओ सिस्टीमवर पूर्ण मॅचेस बघतो, त्यातही हरलेल्या. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे साथीदार समोरच्याला अडवून वाट करून देतो त्या चालीत, हा पोरगा दुसरा पास कधी देतो, स्वतःच्या हातून बॉल गेल्यावर मागे पळतो का, बेंचवर बसवल्यावर तोंड कसं असतं. मग आधीच्या कोचला फोन. या फोनवर सगळं ठरतं असं मी म्हणेन, आकडे नंतर.

हा पोरगा आमच्या यादीत आला तेव्हा २७ चा होता. छोट्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्ट झाला नव्हता. पहिलं वर्ष आइसलँड, जिथे हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार आणि टीममध्ये एक-दोनच परदेशी, त्यामुळे त्यानं रोज पंचवीस पॉइंट मारावे अशीच अपेक्षा. मग स्लोव्हाकिया. मग अजून एक देश, त्याचं नाव नाही घेत. तिथे जानेवारीपासून पगार थांबला. आधी उशीर, मग अर्धा, मग नुसतेच "पुढच्या आठवड्यात". मार्चमध्ये त्याच्या एजंटनं नोटीस देऊन कॉन्ट्रॅक्ट तोडलं आणि तो घरी गेला. सीझन अर्धवट सोडला एवढंच कागदावर दिसतं, आणि आमच्या बोर्डातल्या एकानं पहिल्या मीटिंगमध्ये तेच बोट ठेवून विचारलं, हा पळून गेलेला का? कोच म्हणाला, तीन महिने पगार न मिळता तू ऑफिसला आला असतास का. तिथे विषय संपला.

आता कॉन्ट्रॅक्ट. युरोपातलं बास्केटबॉलचं कॉन्ट्रॅक्ट साधारण दहा महिन्यांचं असतं, ऑगस्ट ते मे. रक्कम नेट लिहितात, म्हणजे टॅक्स वगैरे क्लबनं भरून खेळाडूच्या हातात किती पडणार ते. त्यासोबत घर, गाडी, घरच्यांची विमानाची तिकिटं, जिंकल्याचे बोनस. एजंटची फी साधारण १० टक्के आणि ती क्लब देतो, एनबीएत उलटं आहे, तिथे खेळाडू देतो आणि ४ टक्क्यांच्या वर घेताच येत नाही. एजंटकडे फिबाचं, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचं, लायसन्स लागतं. मग मेडिकलची अट, मेडिकल पास झाल्याशिवाय काही लागू नाही. मग बायआउट, म्हणजे मध्येच मोठा क्लब आला तर किती भरून सोडवून न्यायचं. आणि शेवटी एक परिच्छेद असतो जो नवीन पोरं वाचतही नाहीत, पण हा पोरगा सगळ्यात आधी तोच शोधत होता. तो म्हणजे भांडण झालं तर बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जायचं, थोडक्यात बॅट.

बॅटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण माझ्या मते परदेशात खेळणाऱ्याचं करिअर टिकतं ते या गोष्टीमुळे. फिबानं हे २००७ मध्ये सुरू केलं, बसतं जिनिव्हात. त्याच्या आधी अशा खेळाडूला पैसे बुडाले तर त्या देशाच्या कोर्टात, त्या देशाच्या भाषेत, वर्षानुवर्षं भांडावं लागायचं, आणि तोपर्यंत तो चौथ्या देशात खेळत असणार, कोण लढणार. बॅटमध्ये सगळं इंग्रजीत, बहुतेक वेळा नुसत्या कागदांवर, एकच आर्बिट्रेटर, आणि कुठल्याही एका देशाच्या कायद्याला न चिकटता न्याय्य काय ते बघून निकाल. निकाल लागला आणि क्लबनं तरी पैसे दिले नाहीत तर फिबा त्या क्लबला नवीन खेळाडू रजिस्टर करण्यावर बंदी घालू शकते. क्लबला याचीच भीती असते, नवीन इंपोर्ट, म्हणजे परदेशी खेळाडू, नाही म्हणजे पुढचा सीझन गेला. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये ते कलम असेल तरच हे सगळं, नसेल तर दरवाजाच बंद. शिवाय केस करायची फी आधी स्वतःच्या खिशातून भरायची. या पोरानं पगार थकवणाऱ्या क्लबवर केस केली तेव्हा ती मोठ्या भावाकडून पैसे उसने घेऊन भरली होती.

आम्ही जुलैच्या शेवटी सही केली आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, लेटर ऑफ क्लिअरन्स. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा आधीच्या देशाच्या फेडरेशननं लिहून द्यावं लागतं की आमच्याकडून मोकळा आहे. हे पत्र आल्याशिवाय आपण त्याला एक मिनिट ऑफिशियल मॅच खेळवू शकत नाही. सगळं फिबाच्या ऑनलाइन सिस्टीमवर चालतं, आमचा क्लब जर्मन फेडरेशनला सांगतो, जर्मन फेडरेशन तिकडच्या फेडरेशनला मागतं, ते आधीच्या क्लबला विचारतात. थेट कॉलेजातून येणारा असेल तर यूएसए बास्केटबॉल देतं, त्यात फारसा त्रास नसतो. उत्तराला सात दिवस, आणि नाही म्हणायचं कारण एकच चालतं, की खेळाडूचं आमच्याशी कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे.

तर त्या जुन्या क्लबनं, ज्यानं ह्याचे तीन महिन्यांचे पैसे ठेवले होते, सातव्या दिवशी संध्याकाळी उत्तर दिलं की ह्याचं कॉन्ट्रॅक्ट एक अधिक एक वर्षाचं आहे, म्हणजे दुसरं वर्ष क्लबनं हवं तर घ्यायचं, आणि ते आम्ही घेतलंय. मी स्क्रीनसमोर बसून होतो, माझा विश्वास बसेना. पोरगा तेव्हा जर्मनीत पोचलेला, प्रॅक्टिस करतोय, बायको आणि आठ महिन्यांची मुलगी पुढच्या आठवड्यात येणार, आणि कागदावर तो दुसऱ्याच देशाचा. त्याला सांगायला मी हॉलमध्ये गेलो तर त्यानं शांतपणे फोन काढला आणि मार्चमधली नोटीस, ती मिळाल्याची पोच, बँकेचे सगळे स्टेटमेंट, कोणत्या तारखेला किती यायला हवे होते आणि किती आले याचा तक्ता, सगळं एका फोल्डरमध्ये. म्हणाला, आइसलँडमधल्या एका म्हाताऱ्या टीममेटनं पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, प्रत्येक कागद जपून ठेव, तुझं शरीर आणि तुझे कागद एवढंच तुझं आहे. मी आणि त्याचा एजंट, आम्ही ते सगळं लावून वर पाठवलं, आणि फिबानं स्वतः क्लिअरन्स दिला. मधले दिवस कसे गेले ते मला विचारू नका. प्रीसीझनच्या मैत्रीपूर्ण मॅचेस होत्या म्हणून बरं, पॉइंट्स गेले नाहीत.

याच काळात परदेशी नागरिकांच्या ऑफिसच्या चकरा. अमेरिकन पासपोर्टवाल्याला जर्मनीत व्हिसाशिवाय उतरता येतं आणि इथे येऊन परवाना मागता येतो. मला विद्यार्थी म्हणून येताना मुंबईत अपॉइंटमेंटसाठी किती थांबावं लागलं होतं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराचे पैसे आधी भरायचे, ते आठवलं, पण त्या ऑफिसात एकदा आत गेलं की सगळे सारखेच, नंबरची चिठ्ठी घ्या आणि बसा. व्यावसायिक खेळाडूंसाठी इथे वेगळा नियम आहे. वय किमान १६, खेळाच्या फेडरेशननं लिहून द्यायचं की याचा खेळ त्या लायकीचा आहे, आणि ग्रॉस पगार पेन्शन विम्याची जी वरची मर्यादा असते तिच्या किमान निम्मा. २०२४ मध्ये पश्चिम जर्मनीत ती मर्यादा महिन्याला ७,५५० युरो होती, म्हणजे ३,७७५ तरी हवेच. छोट्या क्लबांना हा आकडा जड जातो, पण मला हा नियम आवडतो. त्यामुळे कोणी विशीतल्या पोराला आणून खिशाला परवडेल तेवढ्यावर राबवू शकत नाही.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, व्यवसाय? मी सांगितलं, बास्केटबॉलपटू. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, तो काही फार उंच नाही, १८५ सेंटीमीटर, आणि म्हणाल्या, माझा मुलगा यू-१४ मध्ये खेळतो. पुढच्या होम मॅचला त्या मुलाला घेऊन आल्या होत्या. परवाना काही यामुळे लवकर आला नाही, पण आला.

घर, बँक, विमा हे पटकन सांगतो. नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याशिवाय टॅक्स नंबर नाही, टॅक्स नंबरशिवाय पगार नीट बसत नाही. बँकेत अमेरिकन म्हटलं की काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, कारण अमेरिकन नागरिकाच्या खात्याची माहिती तिकडे कळवायला लागते आणि ती कटकट त्यांना नको असते. आणि अमेरिकन माणूस जगात कुठेही कमवत असला तरी त्याला घरी टॅक्स रिटर्न भरावाच लागतो, २०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंतच्या परदेशी कमाईवर सूट मागता येते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. हे त्याला पहिल्या दोन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं, त्याच्या बायकोनं मग बसून जुने सगळे रिटर्न भरले. चांगली गोष्ट म्हणजे सरकारी आरोग्य विमा, बायको आणि मुलगी त्याच्याच विम्यात, वेगळे पैसे नाहीत. मुलांची डॉक्टर माझ्या बायकोनं शोधून दिली, तिथून त्या दोघींची जी मैत्री झाली ती अजून आहे.

गाडी स्पॉन्सरनं दिलेली, दारावर क्लबचा लोगो, आणि मॅन्युअल गिअर. त्याला येत नव्हती. रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आमच्या कॅप्टननं त्याला शिकवली, रविवारी इथे दुकानं बंद असतात त्यामुळे जागा भरपूर. अमेरिकन लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालतं, पुढे कुठल्या राज्याचं आहे त्यावर ठरतं, काहींना परीक्षा नाही, काहींना फक्त थिअरी, काहींना सगळंच.

खेळाकडे येतो. लोकांना वाटतं अमेरिकन आला म्हणजे लगेच धुमाकूळ. तसं नसतं. आधीच्या तीन लीगमध्ये त्यानं टीम एकट्याच्या खांद्यावर नेलेली, इथे कोचला तो तसा नको होता. जर्मनीत लोकल खेळाडूंचा कोटा आहे, वर बुंडेसलीगात तर बाराच्या यादीत किमान सहा जर्मन लागतात, आमच्याकडेही जर्मन पोरांना मिनिटं द्यावीच लागतात, आणि मला ते योग्य वाटतं, त्यातूनच २०२३ चा वर्ल्ड कप आला. मनिलात सेमीफायनलला अमेरिकेला ११३-१११ नं हरवलं आणि मग सर्बियाला ८३-७७. तर अमेरिकन पॉइंट गार्डचं काम काय, तर एकोणीस वर्षांच्या लोकल पोराला बरोबर जागी, बरोबर क्षणाला बॉल द्यायचा म्हणजे त्यालाही वाटेल आपण खेळू शकतो. हे बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, अर्धंच दिसतं.

नियमही वेगळे. पाच फाउलला बाहेर. रिंगला लागलेला बॉल कोणीही टिपू शकतो, एनबीएत आणि कॉलेजात तो तिथे असेपर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे आमच्या सेंटरनं एक आत जाणारा बॉल काढून टाकला तेव्हा हा पोरगा रेफ्रीकडे बघत राहिला की शिट्टी का नाही. आणि टाइमआउट. फिबाच्या नियमात टाइमआउट फक्त कोच मागू शकतो, आणि मिळतो तोही खेळ थांबल्यावरच. सप्टेंबरच्या एका फ्रेंडलीत दोघांनी त्याला कोपऱ्यात अडकवलं, तो बाहेर पडता पडता हातानं टाइमआउटची खूण करतोय, अमेरिकेत ते आयुष्यभर केलेलं, युरोपात तीन सीझन खेळूनही सवय गेली नव्हती, आणि रेफ्री ढिम्म. बॉल गेला. रात्री त्यानं माझ्याकडून रूल बुक मागून घेतलं आणि ते पूर्ण वाचलं, दुसऱ्या दिवशी मला बॅककोर्टच्या आठ सेकंदांवर, म्हणजे आपल्या अर्ध्या कोर्टातून बॉल पुढे न्यायच्या वेळेवर, प्रश्न विचारत होता. अशी मेहनत करणारा माणूस मी जवळून पहिल्यांदा पाहिला. प्रॅक्टिस दिवसातून दोनदा, मॅच बहुतेक वेळा आठवड्याला एकच, म्हणजे शनिवारी वाईट खेळलं तर ते सहा दिवस डोक्यात घेऊन फिरायचं.

ऑक्टोबर चांगला गेला. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंग, त्या दिवशी संध्याकाळी प्रॅक्टिस होती, ती संपल्यावर क्लबातल्या तिन्ही अमेरिकनांनी ह्याच्या घरी जेवण केलं, टर्की मिळाली नाही म्हणून कोंबड्या. मी पण होतो. त्याची आई व्हिडिओ कॉलवर, प्रत्येकाला एकच विचारत होती, जाडजूड कपडे आहेत ना, आणि शेवटी ह्याला, या वर्षानंतर घरी येशील ना. सहा वर्षं माझी आई हेच विचारतेय.

डिसेंबरात आम्ही लागोपाठ हरलो आणि हरायला लागलं की पहिली मान इंपोर्टची धरतात. लोकल पोरगा वाईट खेळला तर तो शिकतोय, परदेशी वाईट खेळला तर त्याच्यावर पैसे वाया गेले. हॉलमध्ये लोक बोलतात, पेपरात येतं. एजंटांचे ईमेल लगेच सुरू होतात, तुमच्याकडे पॉइंट गार्डची गरज आहे का, आमच्याकडे एक मोकळा आहे. ते ईमेल माझ्या इनबॉक्समध्ये येतात. मी ज्या माणसाच्या मुलीला कडेवर घेतलंय त्याच्या जागेसाठी आलेली नावं कोचला फॉरवर्ड करणं हे माझं काम आहे. केलं. यातलं काही त्याला सांगितलं नाही, आणि त्यालाही माहीत होतं की ते ईमेल येत असणार, त्यानं कधी विचारलं नाही.

आणि मग जानेवारीत घोटा. दुसऱ्याच्या पायावर पडला, पाय आत वळला, आवाज बेंचपर्यंत आला. एमआरआयमध्ये लिगामेंट. अमेरिकेत आणि बऱ्याच देशांत त्या क्षणी खेळाडूला पहिला विचार येतो तो पगाराचा, वेदनेचा नंतर. जर्मनीत खेळाडू हा नोकरदार आहे. पहिले सहा आठवडे पगार क्लब देतो, त्याच्यापुढे व्हीबीजी, म्हणजे इथली कायद्यानं असलेली अपघात विमा संस्था, उपचार आणि रिहॅबसकट. मी हे त्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये समजावून सांगत होतो आणि तो परत परत एकच विचारत होता, म्हणजे मला काढणार नाहीत? शेवटी मी त्याच्या बायकोला फोन लावून तिलाच सगळं सांगितलं.

काढलं नाही, पण त्याच्या जागी महिन्याभरासाठी दुसरा आणायचा का यावर चर्चा झाली. देशाबाहेरून खेळाडू आणायची शेवटची तारीख फेब्रुवारीअखेर, त्यामुळे तो महिना प्रत्येक क्लबात आणि प्रत्येक इंपोर्टच्या घरात तणावाचाच असतो. कोचनं सांगितलं थांबू. माझ्या मते हा कोचचा वर्षातला सगळ्यात चांगला निर्णय होता.

रिहॅबमध्ये सायकलवर बसून तो काइल हाइन्सच्या जुन्या मॅचेस बघायचा. ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी, हाइन्स जेमतेम १९८ सेंटीमीटरचा, आणि खेळायचा सेंटर. २००८ मध्ये कॉलेज संपलं, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, इटलीच्या सेकंड डिव्हिजनमध्ये वेरोली नावाच्या गावी सुरुवात. मग इथेच जर्मनीत बांबर्ग, तिथे २०११ ला लीग आणि कप दोन्ही. मग ऑलिंपियाकोसकडून २०१२ आणि २०१३, सीएसकेए मॉस्कोकडून २०१६ आणि २०१९, अशी चारदा युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. एनबीएत एकही मॅच नाही. याला कोणी हुकलेलं करिअर म्हणून दाखवावं. आणि तो गेल्यावर बांबर्गला आला पी. जे. टकर, २००६ ला टोरंटोनं ड्राफ्ट केलेला आणि एका वर्षात सोडून दिलेला. इस्रायलमध्ये होलोनसोबत चॅम्पियन झाला, बांबर्गला २०१२ मध्ये फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, त्यानंतर परत एनबीएत आणि २०२१ ला मिलवॉकीसोबत चॅम्पियनची अंगठी. माइक जेम्स २०१२ मध्ये क्रोएशियातून सुरू करून, मध्ये इटलीच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळून, युरोलीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट्स करणारा झाला. जे. आर. होल्डन तर रशियाचा पासपोर्ट घेऊन २००७ च्या युरोबास्केट फायनलला माद्रिदमध्ये स्पेनविरुद्ध जिंकून देणारा शॉट मारून गेला, ६०-५९. मी ही नावं बाबांना पण सांगितली, ते म्हणाले मग पेपरात का येत नाही रे यांचं काही.

आणि पुरुषांचं तरी बरं म्हणायचं. अमेरिकेतल्या बायकांना वर्षानुवर्षं घरच्या लीगपेक्षा बाहेर जास्त पैसे मिळत आले, डायना टॉरासीनं तर २०१५ चा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे त्या घरच्या लीगचा, सीझन विश्रांतीसाठी सोडला आणि त्याची भरपाई तिच्या रशियन क्लबनं केली. म्हणूनच ब्रिटनी ग्राइनर २०२२ मध्ये रशियात होती आणि दहा महिने कैदेत गेली. बाहेर खेळणं ही काही हौस नाही.

मार्चमध्ये तो परत आला. आधी दहा मिनिटं, मग वीस. प्लेऑफला आम्ही थोडक्यात पोचलो, पहिल्याच राउंडला बाहेर. शेवटच्या होम मॅचला पूर्ण हॉल उभा राहिला, आणि डिसेंबरात शिव्या देणारेही त्यात होते, मी चेहरे ओळखतो. मला राग नाही, ते दर शनिवारी येतात.

एप्रिलमध्ये बॅटचा निकाल पण आला, त्याच्या बाजूनं. थकलेला पगार, त्यावर व्याज, फीचे पैसे. जुन्या क्लबनं लगेच नाही दिले, बंदी लागायची वेळ आली तेव्हा दिले. त्यानं आधी भावाचे परत केले.

आम्हाला त्याला ठेवायचं होतं, आमचं बजेट नव्हतं. पोलंडच्या पहिल्या लीगमधून ऑफर आली, पैसे जास्त, लेव्हल वरची. कॉन्ट्रॅक्टचा ड्राफ्ट घेऊन तो माझ्या ऑफिसात आला, एजंटनं बघितलाच होता तरी म्हणाला तू पण बघ. आम्ही दुपारभर बसलो. मेडिकल कुठे होणार, दुखापत झाली तर पगार किती दिवस, मुलीचा विमा कोणाकडे, पगार किती दिवस उशीर झाला की तो मोकळा होतो, बॅटचं कलम शब्दाला शब्द बरोबर आहे का. दोन ठिकाणी बदल मागायला सांगितले, एक त्यांनी मान्य केला. मग पत्ता रद्द करणं, टॅक्सचे कागद, घराचं डिपॉझिट, हे ऑगस्टपर्यंत चाललं. पोलिश फेडरेशनची क्लिअरन्सची मागणी जर्मन फेडरेशनकडून आमच्याकडे आली तेव्हा मी त्याच तासाला होकार टाकला.

त्याची तिथली पहिली लीग मॅच मी आणि कोचनं ऑफिसात लॅपटॉपवर बघितली. हरले, पण त्यानं शेवटच्या क्वार्टरमध्ये एका पोलिश पोराला लागोपाठ तीन असे पास दिले की कोच खुर्चीतून उठला. रात्री त्याचा फोन आला. मॅचबद्दल नंतर बोलला, आधी सांगितलं की पहिला पगार ठरलेल्या तारखेला आलाय.